जितकं हलकं तितकं महाग

माझं शिक्षण चौथी. आम्ही तांबट. भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं, पुढे विक्री आणि मागे ठोकाठोक. पन्नास वर्षं तांबं आणि पितळ ठोकलं. एक कान त्यात गेला, दुसरा अजून आहे. वस्तूची किंमत कशी लागते हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मी समजत होतो. भांडं तराजूत टाकायचं, वजन बघायचं, त्या दिवसाच्या भावाने गुणायचं, वर मजुरी. झालं. हंडा घ्या, परात घ्या, नाहीतर त्र्यंबकच्या यात्रेकरूंसाठी केलेला एवढासा गडू घ्या. जड तितकं महाग. यात ब्रह्मदेव आला तरी फरक पडत नाही.

मागच्या दसऱ्याच्या सेलमध्ये नातीसाठी लॅपटॉप बघायला गेलो आणि दहा मिनिटांत ते सगळं गणित उलटं टांगलं गेलं.

नात आर्किटेक्चरला आहे. इमारती काढते. कागदावर नाही, पडद्यावर. ती इमारत मग फिरवता येते, छत उचलून आत बघता येतं. पण त्याला दणकट मशीन लागतं. तिच्याकडे लॉकडाऊनच्या वेळचा एक लॅपटॉप होता, तो इमारत दिसली की गोठून बसायचा. म्हणून तो तिने आजीला देऊन टाकला आणि स्वतः कॉलेजच्या लॅबमध्ये बसायला लागली. लॅब पाचला बंद. आता तिसऱ्या वर्षाचं मोठं काम दिवाळीनंतर द्यायचं होतं आणि घरी मशीन नसेल तर ते पुरं होणार नव्हतं. पुरं नाही झालं तर वर्ष गेलं. हे तिने रडून सांगितलं नाही. जेवताना सांगितलं, माझ्या ताटात वरण वाढता वाढता. आजीवर गेलीय.

तिची आजी, म्हणजे माझी बायको, त्याच्या आदल्या वर्षी गेली. गणपतीच्या आठ दिवस आधी. तिच्याबद्दल मला लांबण लावायची नाही. लावली तर थांबता येणार नाही.

तर मुलगा सातपूरला कंपनीत, सून शिवणाच्या क्लासात, दोघांना सुट्टी नाही. म्हणून नातीबरोबर मी गेलो. कॉलेज रोडला काचेचं मोठं दुकान. आत शंभर माणूस तरी असेल आणि आवाज नाही. भांडी बाजारात आवाज नसला तर समजायचं, आज धंदा नाही. इथे धंदा चालू होता आणि सगळे देवळात आल्यासारखे हळू बोलत होते. लांबलचक टेबलांवर मशीनं उघडून ठेवलेली. एक पोरगा मी बघितला, वीस-बावीसचा. मशीनला हात लावायच्या आधी त्याने दोन्ही हात पँटला पुसले. मग एकच बोट लावलं. मी आमच्या गावच्या गंगेच्या घाटावर आयुष्य काढलं, लोक देवाला हात लावतात ते बघितलंय. इतक्या जपून कोणी लावत नाही.

आमच्या शेजारच्या टेबलाला निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार होते. पांढरा शर्ट, टोपी, बरोबर कॉलेजातली मुलगी. त्यांनी किमतीची पाटी वाचली, मग टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत वाचली.

"एक लाख अडोतीस हजार? ओ ताई, एवढ्यात तर मुऱ्हा म्हैस येती."

दुकानातली पोरगी हसली. काळी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ती म्हणाली, "काका, म्हशीला दोन वर्षांची वॉरंटी मिळते का?"

"नाय मिळत. पण म्हैस दूध देती. हे काय देतं?"

"पप्पा, प्लीज," मुलगी म्हणाली.

"प्लीज काय प्लीज! विचारायचं नाय व्हय?"

दुसरीकडे एक चष्मेवाले सर होते, बहुतेक प्रोफेसर. ते मशीनकडे बघतच नव्हते, फोनकडे बघत होते. "ऑनलाइन अकराशेने कमी दाखवतंय," ते म्हणाले. दुकानातला माणूस म्हणाला, "सर, सकाळी चौदाशेने कमी होतं. संध्याकाळी बघा, जास्त असेल." सर म्हणाले, "म्हणूनच मी चार दिवस येतोय." मी थक्क झालो. आमच्याकडे तांब्याचा भाव बदलला की सकाळी एकदा कळायचं आणि दिवसभर बोंब असायची. इथे भाव उभ्या उभ्या बदलतोय आणि कोणी ओरडत नाही. सर नुसते बोटाने फोन खाली ओढतात आणि वाट बघतात, डाळ शिजायची वाट बघावी तसे.

आणि एक तरुण तर असा आला, बोट दाखवलं, "हे, सोळावालं, काळं", फोन पुढे धरला, टिंग वाजलं, खोका उचलला, गेला. किंमत विचारली नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. काही दुखलं नाही त्याला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग नाही आला. मला वाटलं, याच्या मागे जावं आणि विचारावं, बाबा, तुला एवढं सहज कसं जमतं?

मग आमची पाळी आली. नातीने जे मशीन धरून ठेवलं होतं ते चंदेरी, पातळ, वहीएवढं, पाटी तीच, एक लाख अडतीस हजाराची. मी सरळ विचारलं, "वजन किती?"

दुकानातल्या पोरीचे डोळे चमकले. "आजोबा, फक्त बाराशे ग्रॅम!"

ती हे अभिमानाने सांगत होती. माल कमी आहे हे गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगणारा दुकानदार मी जन्मात बघितला नव्हता.

"आणि ते कडेचं? ते मोठं?"

"ते अडीच किलोचं आहे आजोबा. पंचावन्न हजार."

"म्हणजे दुप्पट माल आणि निम्म्याहून कमी पैसे."

"आबा..." नात हळूच म्हणाली.

"आबा काय? तेच घे की. भरभक्कम आहे. पडलं तर फरशी फुटेल."

दुकानातली पोरगी मनापासून हसली, पण टिंगल नव्हती त्यात. म्हणाली, "आजोबा, लोक ते हलकं असण्याचेच तर पैसे देतात."

हे वाक्य मी घरी नेलं आणि अजून चघळतोय. नसलेल्या वजनाचे पैसे. जे काढून टाकलं त्याचे पैसे. हे खरं असेल तर आम्ही गल्लीतले सगळे तांबट आयुष्यभर उलट्या बाजूने ठोकत होतो.

मी म्हणालो, हातात घेऊ का? तिने त्याला बांधलेली तार सोडली आणि दिलं. मी ते पालथं केलं, कडेवरून नख फिरवलं. सांगतो का ते. कुठलंही मोठं भांडं एका पत्र्यातून होत नाही. हंड्याचा तळ वेगळा, गळा वेगळा, मग जोड. चांगला कारागीर जोड डोळ्यांपासून लपवतो, नखापासून लपवू शकत नाही. माझे वडील डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, शोध. म्हणून मी तिथे, त्या काचेच्या दुकानात, शंभर माणसांत डोळे मिटले आणि नख फिरवत गेलो. एक कड, दुसरी कड, कोपरा, तिसरी. चारही कडा झाल्या. परत फिरवलं. जोड नव्हता.

"हे कसं केलं?"

"अॅल्युमिनियमचा अख्खा ठोकळा असतो आजोबा. त्यातून कोरून काढतात."

"आणि कोरलेलं उरतं ते?"

"परत वितळवतात."

मी ते परत पालथं केलं. एवढा धातू घ्यायचा आणि त्यातला बहुतेक काढून टाकायचा, फक्त जोड दिसू नये म्हणून! आमच्या वडिलांनी हे बघितलं असतं तर दोन दिवस ते जेवले नसते.

मी नातीला म्हणालो, "पोरी, हेच घे."

"आत्ता तर म्हणालात ते जड घे."

"त्याला जोड आहे."

बागायतदार माझ्याकडे टकामका बघत होते. त्यांच्या मुलीने तेवढ्यात त्यांची बाही ओढली, "बघा पप्पा, ते आजोबासुद्धा हेच म्हणतायत."

आता किमतीचं. मुलाने आणि सुनेने जेवढे जमवले होते त्यापेक्षा ते बारा हजारांनी जास्त बसत होतं. नातीने मशीन खाली ठेवलं, परत जागेवर नीट सरळ केलं. तेव्हा दुकानातल्या पोरीने भिंतीवरची पाटी दाखवली. जुना लॅपटॉप आणा, चालू स्थितीत असला तर बारा हजार वजा. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत.

"म्हणजे मोड!" मी म्हणालो.

तिला कळलं नाही. मी सांगितलं. आमच्याकडे बाई जुनी घागर घेऊन यायची, पोचे आलेली, तळाला भोक पडलेली. आम्ही तोलायचो, मोडीच्या भावाने धरायचो, नव्या भांड्यातून वजा करायचो. तुमचं तेच आहे. ती म्हणाली, "करेक्ट आजोबा, अगदी तेच!" त्या सबंध दुकानात मला आतून-बाहेरून कळलेली ही एकच गोष्ट होती. त्या आनंदात मी बोलून बसलो, "आमच्याकडे आहे एक."

नातीने मला हाताला धरून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर रस्त्यात म्हणाली, "आबा, तो आजीचा आहे."

"मला माहितीय कुणाचा आहे," मी म्हणालो. उगीच जोरात म्हणालो.

बायको त्यावर पत्ते खेळायची. दुसरं काही नाही. नातीने एकदा शिकवलं आणि मग रोज दुपारी जेवणं झाली की एक ते तीन. हात धुवायचा सुद्धा धीर नसायचा तिला. खालचा तो बोट फिरवायचा चौकोन हळदीने पिवळा झाला होता, आणि उजव्या कोपऱ्यात तिचा अंगठा टेकायचा तिथे एक गोल पिवळा डाग. मी काही विचारलं की म्हणायची, "अहो, जरा गप्प बसा, एक्का अडकलाय." एकदा मी म्हणालो, माझ्याशी रमी खेळ की, मी काय मेलोय? तर म्हणाली, "तुमच्यापेक्षा हे बरं. हरलं तरी तोंड वाकडं करत नाही."

ती गेल्यावर तो लॅपटॉप तिच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. कोणी काढला नाही. मी दर दोन-चार दिवसांनी खाली घ्यायचो, उघडायचो, चालू न करता तो पिवळा चौकोन बघायचो आणि ठेवून द्यायचो. हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आम्ही त्या दिवशी हत्यारं धुऊन पुजतो. दुकान बंद होऊन सात वर्षं झाली तरी माझे चार हातोडे आणि एक ऐरण आहे, ती मी धुतो. मागच्या अंगणात बसलो, लिंबू-मीठ घेतलं, हातोडे घासले. उद्या जाणारा लॅपटॉप पण शेजारी आणून ठेवला होता. आणि आमच्यात मोडीत द्यायचं भांडं कधी मळकं देत नाहीत. घासून, धातू दिसेल असं करून देतात, म्हणजे तोलणाऱ्याला बोलायला जागा राहत नाही. पन्नास वर्षांची सवय. हातोडे झाले, हात पुढे गेला, लॅपटॉप उघडला आणि लिंबाची फोड घेऊन मी तो घासला. चांगला घासला. ओल्या फडक्याने पुसला, परत घासला. मग सगळं पालथं घालून उन्हात ठेवलं, हातोड्यांच्या रांगेत.

तासाभराने सरळ करायला गेलो. उघडला. लख्ख होता. पिवळा चौकोन नव्हता. कोपऱ्यातला गोल नव्हता.

मी तिथेच पाटावर बसलो. सून बाहेर आली.

"आबा, लॅपटॉप धुतला?"

"धुतला."

"पाण्याने?"

"नाही, तुपाने!"

ती आत गेली. नात आली, तिने बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. वायर लावली, दाबलं. मेलेला. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आबा, आजीचे फोटो मी कधीच काढून घेतलेत, काळजी करू नका." मी फोटोंची काळजी करतच नव्हतो. तिचं वर्ष माझ्या हाताने लिंबू लावून घासलं होतं, आणि मला त्या वेळी हळद आठवत होती. मला माझी लाज वाटली.

दसऱ्याला तरी पण गेलो. दुकानाला झेंडूचं तोरण, आत पाय ठेवायला जागा नाही. बागायतदार होते, मुलगी होती. सर होते, फोन होता. पोरीने आमचं मशीन घेतलं, बटण दाबून धरलं, आणि तिचं तोंड उतरलं. "आजोबा, हे चालू होत नाहीये. बंद असेल तर नाही बसत ऑफरमध्ये."

"काल धुतला," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, थांबा, आणि आम्हाला दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे दुरुस्तीचं टेबल होतं. पन्नाशीचा माणूस, टक्कल, कपाळावर चढवलेलं भिंग. बसायची ढब कारागिराची. ती मला लगेच कळते, पाठ वाकडी आणि कोपर स्थिर.

"कशाने धुतला?"

"लिंबू आणि मीठ."

"हळद-कुंकू नाही वाहिलं?"

"वाहिलं. खंडेनवमी होती. पण झाकणावर. आत नाही."

त्याने थट्टा केली होती, आता त्याचंच तोंड बंद झालं. नात दुसरीकडे बघून हसू दाबत होती. "आणि वाळवला कसा?" त्याने विचारलं.

"पालथा. उन्हात."

"पालथा घातला म्हणून वाचला तर वाचेल," तो म्हणाला आणि स्क्रू काढायला लागला. मोहरीएवढे स्क्रू. एकेक काढून चुंबकावर ठेवत होता. मग मागचं झाकण उचललं.

मी आतापर्यंत लॅपटॉप आतून बघितला नव्हता. हिरवी पाटी, तिच्यावर गल्ल्या, घरं, चौक, सगळं नखाएवढं. वरून बघितलेलं गावच. नात इमारती काढते ते मला तेव्हा पटलं, हिचं शिक्षण याच कारागिरांच्या जातीचं आहे. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक लालसर पट्टी, वळण घेऊन कडेच्या पंख्यापर्यंत गेलेली.

"हे तांबं आहे," मी म्हणालो.

"हो. मधला भाग तापतो, तांबं ती उष्णता उचलून बाहेर नेतं. दुसऱ्या कशाला एवढं जमत नाही."

"मला सांगता? आयुष्यभर हात भाजलेत." मी विचारलं, नख लावू का? तो म्हणाला, लावा. मी लावलं. चपटी, पोकळ नळी, भाताच्या काडीएवढी बारीक. ठोकलेली नव्हती, दाबलेली होती, पण चांगली दाबलेली. "त्या लाखाच्या मशीनमध्ये पण हेच?"

"तिथे पण हेच. आणखी चपटं."

मी उभा होतो तो स्टुलावर बसलो. ज्याच्यापुढे लोक हात पुसतात, ज्याच्यासाठी सर चार दिवस भाव बघत उभे राहतात, त्याच्या पोटात आमच्या गल्लीतला धातू बसलाय आणि भट्टीजवळ करायचा तेच काम करतोय. हे मला बायकोला सांगायचं होतं. दुसऱ्या कोणालाच नाही.

त्याने पंखा काढला. धुळीचा गोळा झाला होता. चिमट्याने तो ओढायला लागला तर येईना. पात्यांमध्ये काहीतरी गुंतलं होतं. त्याने भिंग खाली घेतलं, एक टोक पकडलं आणि हळूहळू उलगडत गेला. केस होता. लांब. निघतच होता. मुळाकडे पांढरा, शेंड्याकडे मेंदीचा लाल. शेवटच्या चार-पाच महिन्यांत तिने मेंदी लावली नव्हती, हात वर जायचा नाही. तरी न्हाऊन आली की केस मोकळे सोडून, तशीच डाव मांडून बसायची.

तो माणूस चिमटा कचऱ्याच्या डब्याकडे नेत होता. मी म्हणालो, "थांबा."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं. स्क्रू ठेवायची एक छोटी प्लास्टिकची पिशवी घेतली, केस गोल गुंडाळून आत ठेवला, दाबून बंद केली आणि माझ्या हातावर ठेवली. मग पुन्हा कामाला लागला. कसल्याशा पातळ औषधाने पाटी पुसली, हवा मारली, पंखा बसवला, बटण दाबलं. पंखा गरगरला आणि पडदा उजळला.

"बटणं गेली, पण मशीन चालू आहे," तो म्हणाला. दुकानातली पोरगी टाळी वाजवून म्हणाली, "मग बसलं आजोबा! पूर्ण बारा हजार."

नातीने माझा हात धरला. "आबा, नको देऊ या. मी बाबांना सांगते. पुढच्या सेलला घेऊ."

"पुढचा सेल कधी?"

"जानेवारीत."

"आणि तुझं काम?"

तिने माझा हात सोडला. मी त्या माणसाला विचारलं, याचं काय होणार? तो म्हणाला, बटणं बदलून कोणीतरी वापरेल. नाही जमलं तर भाग सुटे करतात, तांबं वेगळं काढतात, वितळवायला जातं.

आमच्या दुकानात एक पद्धत होती. मोडीचं भांडं घेतलं की पहिला घाव गिऱ्हाइकाने मारायचा. वडील हातोडा बाईच्या हातात द्यायचे. म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी परत येऊन म्हणत नाही की माझ्या सासूची घागर मला द्या. कितीतरी बायकांच्या हातात मीसुद्धा हातोडा दिलाय. काही जणी दोन मिनिटं तशाच उभ्या राहायच्या आणि मला वाटायचं, काय बाई वेळ खातेय. पत्राच तर आहे!

इथे पोरीने माझ्यापुढे काचेची एक पाटी धरली. "आजोबा, इथे बोटाने सही करा. मशीन दिलं म्हणून."

मीही दोन मिनिटं उभा राहिलो. मग बोट टेकवलं आणि सही केली. वाकडी आली.

आणि मला रडू आलं. मोठ्याने नाही, पण थांबेना. पैसे भरायच्या खिडकीपुढे, रांगेत, सगळ्यांसमोर. बागायतदार मागेच उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, रडू नका. मला कळतंय. मी परवापासून झोपलो नाय. हिच्या आईला तर खरा आकडा अजून सांगितला नाय."

मग ते पोरीकडे वळले आणि त्यांचा आवाज चढला. "ओ ताई, बघा की! म्हातारं माणूस रडायला लागलं तुमच्या किमतीनं. काय माणुसकी हाय का नाय? कमी करा काय तरी!"

लोक वळून बघायला लागले. एक बाई म्हणाल्या, "खरंच हो, लूट आहे नुसती." सर फोनमधून डोकं वर काढून म्हणाले, "नाहीतरी ऑनलाइन बाराशेने कमीच आहे." पोरगी बावरली. तिला खरं माहीत होतं, पण ती काय बोलणार? मॅनेजर धावत आला. म्हणाला, आजोबा, किंमत वरून ठरते, माझ्या हातात नाही, पण ही घ्या, आमच्याकडून. आणि त्याने एक लालभडक बॅग दिली, कंपनीचं नाव छापलेली.

"मला पण," बागायतदार म्हणाले. त्यांनाही दिली.

मी कोणाला काही सांगितलं नाही. बागायतदारांनी खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या हातात दिलं, "सोनं घ्या बाबा," आणि त्यांची मुलगी माझ्या पाया पडली. मी पण त्यांना पान दिलं. आमचे डोळे दोघांचेही लाल होते, कारणं वेगवेगळी.

रिक्षा द्वारका चौकात अडकली. नातीने खोका मांडीवर घट्ट धरला होता. मग म्हणाली, "बॅग कशाला घेतली आबा? केवढी लाल आहे."

"तुझ्या आजीला बाजाराला झाली असती."

तोंडातून गेलं ते गेलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

तिने काम वेळेत दिलं. ती रात्री-अपरात्री इमारती फिरवत बसायची, आता पण बसते. मधे मधे मी जातो आणि त्या मशीनच्या मागच्या बाजूला हात लावतो. कोमट लागतं. "आबा, काय करताय?" ती विचारते. मी म्हणतो, तांबं बघतोय. ती छत उचलून मला आतल्या खोल्या दाखवते आणि मी दर वेळी तेवढाच चकित होतो, म्हणजे जोड शोधायला नख आपोआप पडद्याकडे जातं आणि ती माझा हात हळूच बाजूला करते. केस माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.

बॅग भाजीला असते. तिच्यावर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव एवढं मोठं लिहिलंय, आणि भाजीवाली ते बघून मेथीची जुडी मला पाच रुपये जास्त सांगते. मी पण देत नाही.